खानदेशात फाल्गुनात फुलणारी लिली

ट्यूलिपचे कंद हल्ली सहज विकत मिळतात. पण जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या अंगणासाठी ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फुलण्याआधी त्यांना साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसखालची सलग थंडी लागते, आणि आपल्याकडे पौषातल्या रात्री कितीही गारठल्या तरी दुपारचे ऊन ती थंडी टिकू देत नाही. त्याऐवजी, आपण जिला नुसती लिली म्हणतो ती, कर्ण्यासारख्या मोठ्या लाल-केशरी फुलांची ॲमेरिलिस लावावी. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या कंदाला गारठ्यापेक्षा कोरडी विश्रांती महत्त्वाची, आणि आपला हिवाळा ती आयती देतो.

खरी अडचण मातीची आहे. कपाशीला मानवणारी आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे कंद कुजतो. वाळली की तिला भेगा पडतात आणि मुळे तुटतात. म्हणून एक भाग काळी माती, एक भाग धुतलेली नदीची वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. चुलीतली राख मात्र घालू नये, कारण आपली माती मुळातच विम्लधर्मी असते आणि राखेने ती अधिक विम्ल होते. कुंडी कंदापेक्षा दोन-दोन बोटे रुंद पुरते. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग आणि मान मातीबाहेर राहील अशा बेताने तो लावावा.

आधीपासून कुंडीत असलेल्या कंदांचे पाणी दिवाळीनंतर हळूहळू तोडावे आणि पाने पिवळी पडली की कुंडी भिंतीच्या आडोशाला कोरडी ठेवावी. रोज झाडांना पाणी घालणाऱ्या हाताला हे जड जाते, पण फुलासाठी ही तहान आवश्यक आहे. संक्रांतीच्या सुमारास एकदा भरपूर पाणी देऊन कुंडी उन्हात आणावी आणि त्यानंतर माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. काही आठवड्यांत मानेच्या कडेने कोंब दिसू लागतो. तो जाडसर, टोकदार आणि एकटाच असेल तर फुलदांडा समजावा. पाने पातळ, बोथट टोकाची असतात. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून कुंडी दर दोन-तीन दिवसांनी थोडी फिरवावी. दांडा आतून पोकळ असल्याने वाऱ्यात मोडतो. बारीक काठीचा आधार द्यावा. फाल्गुनात एकेका दांड्यावर दोन ते चार फुले उमलतात.

फुले सुकल्यावर बहुतेक जण कुंडी विसरतात, आणि पुढच्या वर्षी नुसती पाने का आली म्हणून हळहळतात. पुढचे फूल याच पानांच्या बळावर कंदात घडत असते. साधारण चार पानांमागे एक फुलदांडा तयार होतो, असा या झाडाचा हिशेब आहे. म्हणून बी धरण्याआधी फक्त सुकलेली फुले काढावीत, हिरवा दांडा पिवळा पडेपर्यंत राहू द्यावा आणि पाने मुळीच कापू नयेत. मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे जातो तेव्हा कुंडीला केवळ सकाळचे ऊन मिळावे, दुपारी सावली असावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मूठभर शेणखत द्यावे आणि पानांच्या बेचक्यांत ठिपकेदार अळ्या आहेत का ते संध्याकाळी पाहावे. त्या पाने फस्त करून कंदात शिरतात, पण वेळीच दिसल्या तर हाताने वेचणे पुरेसे होते.

दर तीन-चार वर्षांनी बाजूची पिल्ले वेगळी करावीत. त्यांना फूल यायला दोन-तीन वर्षे लागतात. सुटे केलेले कंद घरातल्या साठवणीच्या कांद्यांजवळ कधीही ठेवू नयेत. दिसायला ते कांद्यासारखेच असले तरी विषारी असतात आणि पोटात गेल्यास उलट्या होतात. गुरांच्या व मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, चिठ्ठी लावून, ते वेगळ्या टोपलीत ठेवावेत.