अडलेल्या तरुण खेळाडूची प्रगती पुन्हा कशी सुरू झाली
फुटबॉल मॅनेजर या फुटबॉल संघ चालवण्याच्या संगणक खेळात एकच कारकीर्द अनेक दशके चालवता येत असल्याने संघाचे भवितव्य अकादमीतून येणाऱ्या मुलांवर अवलंबून राहते. माझा 18 वर्षांचा आघाडीपटू मात्र उत्तम सरावसुविधा असूनही वाढायचा थांबला होता. या खेळात प्रत्येक खेळाडूची सध्याची आणि कमाल क्षमता 200 पर्यंतच्या छुप्या आकड्यांत मोजली जाते, परंतु कमाल आकडा ही केवळ मर्यादा असते, हमी नव्हे, आणि तिथवर पोहोचणे सामन्यांत मिळणारा वेळ, सराव व स्वभाव यांवर ठरते. म्हणून त्याला राखीव संघात अडकवून न ठेवता, नियमित खेळवण्याचे मान्य करणाऱ्या खालच्या श्रेणीतील क्लबकडे हंगामभर लोनवर, म्हणजे तात्पुरते उसने, पाठवले. परतल्यावर त्याला व्यावसायिक वृत्तीच्या ज्येष्ठांसोबत मार्गदर्शन गटात ठेवले, म्हणजे त्यांची वृत्ती त्याच्यात उतरावी. स्वभाव सावकाश बदलतो खरा, पण माझ्या मते याच उपायाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सरावाचा भार वाढवण्याचा मोह टाळला, कारण दुखापतीत गेलेले महिने वाढीच्या वयात सहसा भरून निघत नाहीत. पुढच्या हंगामात फिनिशिंग (संधीचे गोलमध्ये रूपांतर) आणि निर्णयक्षमता यांचे त्याचे गुण पुन्हा चढू लागले व तो पहिल्या संघात नियमित खेळू लागला.