मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचे जहाज कसे शोधावे

‘अ‍ॅटलास’ हे जहाज 2 नोव्हेंबर 1834 रोजी कलकत्त्याहून 36 करारबद्ध मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला पोहोचले. तेव्हापासून 1910 पर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय मॉरिशसला उतरले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी भाषकही होते, मात्र कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने त्यांची संख्या बरीच कमी होती. आपल्या घराण्यातील कोणी त्या काळी ‘मोरिशसला गेला’ एवढीच आठवण कुटुंबात उरली असेल, किंवा आपण स्वतः मॉरिशसमधील मराठी कुटुंबातील असाल, तर त्या माणसाच्या सफरीपर्यंत कागदोपत्री पोहोचणे आजही पुष्कळदा शक्य आहे.

शोधाची सुरुवात जहाजापासून करू नये. प्रत्येक स्थलांतरिताला मॉरिशसमध्ये एक क्रमांक दिला जात असे, आणि तोच पुढे विवाहाच्या व मृत्यूच्या नोंदींत, मुलांच्या कागदांतही येतो. म्हणून सर्वात अलीकडच्या पिढीच्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांपासून एकेक पिढी मागे जात हा क्रमांक गाठावा. तो हाती आला की मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या स्थलांतर नोंदवह्यांतील नेमकी ओळ शोधता येते. तिथे अर्ज करताना आपण वंशज असल्याचे दाखवणारे कागद सोबत असावेत. नोंदीत नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, गाव आणि जहाज अशी माहिती मिळू शकते.

क्रमांक नसेल तर नावावरून शोधावे लागते, आणि इथे धीर हवा. कारकून कानावर पडेल तसे रोमन लिपीत लिहीत असे, त्यामुळे ‘भिवाजी’, ‘तुकाराम’ किंवा ‘येसू’ यांची निरनिराळी रूपे आधी स्वतः लिहून काढावीत. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा ही नावेही आजच्या लेखनाप्रमाणे सापडणार नाहीत. जातीच्या रकान्यातील एका शब्दावरून घराण्याविषयी निष्कर्ष काढू नये.

जहाजाचे नाव मिळाले तरी काम अर्धेच झालेले असते, कारण एकाच नावाची अनेक जहाजे एकाच वेळी समुद्रावर असत. त्यासाठी लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या वार्षिक सूचीचे त्या वर्षाचे पुस्तक उघडावे. जुने खंड इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्यात कप्तान, टनभार, बांधणीचे ठिकाण व वर्ष आणि मालक दिलेले असतात. नोंदवहीतील तारीख आणि कप्तानाचे नाव यांच्याशी ते जुळले तरच जहाज आपले मानावे. 1855 पासून ब्रिटिश जहाजांना अधिकृत क्रमांक मिळू लागले. त्या पुढच्या काळासाठी नावापेक्षा त्या क्रमांकावर विसंबणे अधिक सुरक्षित.

आता मालाकडे वळावे. बहुतेक संशोधक ही पायरी गाळतात आणि माझ्या मते तिथेच सफर हातची निसटते. ही शिडाची जहाजे मुळात मालवाहू होती. तळाच्या भागात तांदळासारखा माल, पाण्याची पिंपे आणि गरजेप्रमाणे नीरम म्हणून, म्हणजे जहाज स्थिर राहावे यासाठी वजन म्हणून, घातलेले दगड असत, मजूर त्यावरच्या मधल्या मजल्यावर राहत, आणि कप्तान व भाडे भरणारे मोजके प्रवासी मागच्या बाजूच्या खोल्यांत. मजुरांसाठी केलेली लाकडी सोय तात्पुरती असे. ती काढून टाकली की परतीच्या फेरीत तिथेच साखर भरता येई, आणि मॉरिशसची साखर मुंबईतही उतरत असे. माणसाच्या वाट्याला किती जागा आली याचा अंदाज बांधायचा असेल तर मजुरांच्या स्थलांतराविषयीच्या 1864 च्या कायद्याचा आधार घ्यावा: प्रौढामागे 12 चौरस फूट जागा आणि 72 घनफूट अवकाश, आणि दहा वर्षांखालील दोन मुलांचा हिशेब एका प्रौढाइतका. समजा मधला मजला 90 फूट लांब आणि 25 फूट रुंद आहे. मग क्षेत्र 2250 चौरस फूट होते आणि कायद्याने तिथे फार तर 187 प्रौढ बसतात. आपल्या जहाजावरील माणसांची संख्या या आकड्याशेजारी ठेवून पाहावी.

मालाची नोंद मुंबईच्या तत्कालीन इंग्रजी वृत्तपत्रांतील जहाजवार्तांत आणि मुंबई सरकारच्या कागदपत्रांत शोधावी. दुसऱ्यासाठी महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात जावे लागेल. वृत्तपत्रात खोल्यांतील युरोपीय प्रवाशांची नावे आढळतात, मजुरांचा मात्र बहुधा केवळ आकडा. पूर्वजाचे नाव तिथे सापडले नाही म्हणून तो त्या जहाजावर नव्हता असे समजू नये.

शेवटी तारखांविषयी. जहाज बंदराजवळ आले त्याच दिवशी माणसे किनाऱ्यावर उतरली असे गृहीत धरू नये. रोगाचा संशय असल्यास त्यांना विलग ठेवले जाई. 1856 मध्ये कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या जहाजांवरील मजुरांना मॉरिशसजवळच्या गॅब्रिएल बेटावर अपुऱ्या निवाऱ्यात ठेवले गेले आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक दगावले. म्हणून वृत्तपत्रातील आगमनाची तारीख आणि नोंदवहीतील तारीख यांत अंतर दिसले, तर ती चूक समजून सोडून न देता दोन्ही टिपून ठेवाव्यात आणि त्या मधल्या दिवसांचा आरोग्य खात्याचा पत्रव्यवहार मागवावा.