समई, कापूर आणि कणकुंबीचा झरा: ‘इमॅनेशन’ला मराठी शब्द निवडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठीतून शिकवणाऱ्याच्या किंवा निरूपण करणाऱ्याच्या हाताशी इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशी तिन्ही पुस्तकं असतात. ‘इमॅनेशन’ (एखाद्या उगमातून काही बाहेर येणं) शब्द दिसला की कन्नड वाचलेल्याला ‘होरहोम्मु’ (बाहेर उसळणं) आठवतं आणि मराठी लिहिताना हात ‘उत्सर्जन’कडे जातो. पण शाळेच्या जीवशास्त्रात उत्सर्जन म्हणजे घाम आणि मूत्र, वर्तमानपत्रात कार्बनचा धूर. ‘ईश्वरापासून जगाचं उत्सर्जन’ असं वाक्य म्हणूनच कानाला खुपतं, आणि त्याचा अर्थही चुकतो.

मूळ वाक्यातल्या तीन गोष्टी आधी कागदावर उतरवा: उगम कोणता, त्यातून निघतं काय, आणि मधलं क्रियापद कोणतं. मग पहिला प्रश्न विचारा: बाहेर पडल्यामुळे उगम कमी होतो का? बाकी बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

प्रश्न नीट कळायला देवघरातल्या दोन वस्तू पुरतात. कापराची वडी सोनाराच्या काट्यावर तोला, उघड्या ताटलीत ठेवा आणि आठवड्यानं पुन्हा तोला. वजन घटलेलं असतं, कारण वास म्हणून जे नाकात येतं ते कापराचेच रेणू. आता समईच्या एका वातीवर दुसऱ्या समईची वात पेटवा. पहिली ज्योत तसूभरही लहान होत नाही. तेल घटतं, पण ते दुसरी वात पेटवली नसती तरी घटलंच असतं. विज्ञानातलं इमॅनेशन कापरासारखं असतं, तत्त्वज्ञानातलं ज्योतीसारखं.

कापराची बाजू जरा खोलात पाहू, कारण रेडियम इथं फसवतो. 1900च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डला थोरियममधून आणि डॉर्नला रेडियममधून किरणोत्सारी वायू निघताना आढळला. त्यालाच तेव्हा ‘इमॅनेशन’ म्हणत. आज आपण त्याला रेडॉन म्हणतो, अणुक्रमांक 86. जुन्या लेखात ‘रेडियम इमॅनेशन’ आलं तर सरळ ‘रेडॉन’ लिहा, नवा शब्द घडवू नका. ‘थोरियम इमॅनेशन’साठी मात्र ‘थोरॉन’ लिहा, तो रेडॉनचाच वेगळा समस्थानिक आहे. रेडियमपासून आलेल्या रेडॉनचं अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) 3.8 दिवस, तर थोरॉनचं जेमतेम 56 सेकंद. दोन्हींना एकच नाव दिलं तर पुढची सगळी गणितं चुकतात.

बंद कुपीत रेडियम ठेवला तर महिनाभरात रेडॉन जितका तयार होतो तितकाच विघटित होऊ लागतो आणि त्याचं प्रमाण स्थिर दिसतं. उगम अक्षय आहे असं वाटतं, पण तो अक्षय नाही. रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षं, म्हणजे शंभर वर्षांत सुमारे 4 टक्के रेडियम संपतो.

मृदेच्या अभ्यासात हा शब्द अजून जिवंत आहे आणि तिथं दोन टप्पे वेगळे ठेवावे लागतात. खनिजाच्या कणातून रेडॉन कणांमधल्या पोकळीत येतो ते निःसरण (इंग्रजीत इमॅनेशन), आणि जमिनीतून हवेत जातो ते बहिर्गमन. रेडियमच्या अणूनं अल्फा कण फेकला की नवा रेडॉनचा अणू उलट दिशेनं ढकलला जातो. कणाचा पृष्ठभाग तिथून काही दहा नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आत असेल तरच तो बाहेर पडतो. पोकळी कोरडी असेल तर तो समोरच्या कणात जाऊन रुतू शकतो, पाण्याचा पातळ थर असेल तर तिथंच थांबतो. म्हणून ओलसर मातीत निःसरण वाढतं. पण पावसानं माती पूर्ण भरली की पाण्यातून वर सरकणं मंदावतं आणि बहिर्गमन घटतं. दोन्हींना ‘उत्सर्जन’ लिहिलं तर हे एकाच वेळी वाढतंय आणि घटतंय असं वाचावं लागेल.

आता ज्योतीची बाजू. तिसऱ्या शतकात रोममध्ये शिकवणाऱ्या प्लोटायनसच्या मते ‘एक’ या मूळ तत्त्वातून बुद्धी आणि बुद्धीतून आत्मा प्रकटतो, पण ‘एक’ जसंच्या तसं राहतं. त्यासाठी तो सूर्य, आग, सुगंधी वस्तू आणि झरा असे दाखले देतो. हे भाषांतरताना दाखला आणि सिद्धान्त वेगळे ठेवा. सुगंधी वस्तू आपल्या कापरासारखी झिजते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिथला झरा वाहतो तो घाटात पडलेला पाऊस मुरतो म्हणून, म्हणजे त्यालाही मागून भर लागते. प्लोटायनसच्या ‘एक’ला मागून काहीच लागत नाही. इथं ‘आविर्भाव’ हा शब्द बसतो.

दुसरा प्रश्न काळाचा. रेडॉनच्या बाबतीत आधी आणि नंतर घड्याळानं मोजता येतं. प्लोटायनसचा क्रम काळातला नाही, अवलंबनाचा आहे. म्हणून ‘आधी एक होतं, मग बुद्धी झाली’ असं न लिहिता ‘बुद्धी एकावर अवलंबून आहे’ असं लिहा.

तिसरा प्रश्न: उगम बदलतो का? दुधाचं दही झालं की दूध उरत नाही. सांख्य दर्शनातली प्रकृती, म्हणजे जगाचं मूळ द्रव्य, महत्, अहंकार अशी 23 तत्त्वांत उलगडते, त्याला शास्त्रात ‘परिणाम’ म्हणतात. आजच्या मराठी वाचकाला मात्र ‘परिणाम’ म्हणजे नुसता इफेक्ट वाटतो, त्यामुळे पहिल्या वेळी ‘रूपांतर, म्हणजे शास्त्रातला परिणाम’ असं लिहावंच. दोरी न बदलता साप दिसतो तो शांकर मताचा विवर्त. तिथं आविर्भाव लिहिलं तर मतच बदलतं. ज्ञानेश्वरांच्या अद्वैताला ‘चिद्विलास’ (चैतन्याचा खेळ) हा स्वतःचा शब्द आहे, तो तसाच ठेवा.

लिंगायतांच्या षट्स्थलात, म्हणजे सहा पायऱ्यांच्या साधनामार्गात, स्थल (मूळ तत्त्व) स्वतःच लिंग (उपास्य) आणि अंग (उपासक) असं दुहेरी होतं, आणि साधक भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य या पायऱ्यांनी परततो. परतीची ही वाट ‘होरहोम्मु’च्या बाहेर उसळण्यात दिसत नाही. इथं ‘द्विधा होणं’ हे साधं क्रियापद चांगलं.

इच्छेनं, शून्यातून घडवलं असेल तर ती निर्मिती. बायबलच्या संदर्भात तेच लिहा. इस्लामी तत्त्वज्ञानात अल्-फाराबी आणि इब्न सिना या तत्त्वज्ञांच्या इमॅनेशनसाठी त्यांचाच अरबी शब्द ‘फैज’ ठेवा. आपल्याकडच्या उर्दू वाचकाला तो ओळखीचा आहे, मराठीसाठी पुढे ‘ओघ’ लिहिलं की पुरे.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदी या जैन मंदिरावर माहितीपत्रक लिहिताना मात्र यातला एकही शब्द जगाच्या उत्पत्तीसाठी वापरू नका. जैन मतानं जग अनादी आहे, ते कुणापासूनही निघालेलं नाही.