सर्दी झाली की दमा उसळतो? पंपाच्या या चुका टाळा

दम्याच्या बहुतेक उबळी साध्या सर्दीतून सुरू होतात आणि लहान मुलांत त्यामागे बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरस असतो. पेशीत शिरण्यासाठी त्याला पेशीवरच्या एखाद्या प्रथिनाला चिकटावं लागतं. त्याचे बहुसंख्य प्रकार आयकॅम-१ या प्रथिनाला चिकटतात, हे १९८९ साली कळलं. ॲलर्जीने श्वासनलिका सुजली की तिच्या पेशींवर हेच प्रथिन वाढतं. म्हणजे सूज राहू दिली तर विषाणूला आत शिरायला जास्त जागा मिळते.

म्हणूनच बरं वाटलं की स्टिरॉइडचा रोजचा पंप बंद करणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. कित्येक घरांत तर सर्दी झाल्यावरच पंप थांबवतात, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. धाप लागल्यावर घ्यायच्या साल्ब्युटामॉलच्या पंपाने श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू चार-सहा तास सैल पडतात, धाप थांबते, पण सूज तशीच राहते. त्यामुळेच जागतिक दमा मार्गदर्शिकेने २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर न ठेवण्याचा सल्ला दिला आहे. महिन्या-दोन महिन्यांत त्याचा आख्खा पंप संपत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना दाखवाच.

‘स्टिरॉइड’ ऐकून आई-वडील घाबरतात, ते समजण्यासारखं आहे. पण बुडेसोनाइड या पंपातल्या स्टिरॉइडचा एक पफ १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमचा असतो. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात मोजतात. पफ घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंडात बुरशी होण्याचा धोका कमी होतो.

आता पंप घेण्याची पद्धत. दाबायच्या पंपाने औषध घशावरच आदळत असेल तर ते फुप्फुसात फारसं पोहोचत नाही. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, श्वास घ्यायला लागताच दाबा, हळू आत ओढा आणि दहा सेकंद धरून ठेवा. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा पोकळ नळा, लावला तर काम सोपं होतं, मुलांना तर लावाच. तो कापडाने खसखसून पुसू नका. आत स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटतं. साबणाच्या पाण्यात बुडवून वाऱ्यावर वाळवा.

कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या रोटाहेलरचं उलटं आहे. त्यात जोरात आणि खोल ओढायचं असतं. त्यात फुंकर मारली तर पावडर ओली होते. आणि त्याच्या कॅप्सूल गिळायच्या नसतात. तसं करणारे रुग्ण दर ओपीडीत भेटतात.

माँटेल्युकास्ट हे दम्याचं औषध सुरू असलेलं मूल अचानक चिडचिडं झालं किंवा त्याला वाईट स्वप्नं पडू लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये यावर ठळक इशारा दिला आहे.

एका दमात वाक्य पुरं होत नसेल, फासळ्यांखाली खळगा पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरी थांबू नका. साल्ब्युटामॉलचे पफ देत देत थेट रुग्णालय गाठा.