पाणी उंबऱ्याला लागण्याआधी: पंचगंगा-कृष्णाकाठच्या कुटुंबांसाठी

पंचगंगा आणि कृष्णेच्या काठावरील बहुतेक गावांत घर बुडण्याआधी रस्ता बुडतो. त्यामुळे पाणी दारात आल्यावर निघू, असा हिशेब धरू नये. गावाबाहेर नेणारा शेवटचा रस्ता किंवा पूल नदीच्या कोणत्या पातळीला बंद होतो, हे गावातील जाणत्या माणसांना पावसाळ्याआधीच विचारून घ्यावे आणि घर सोडण्याची वेळ त्यावरून ठरवावी.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. मात्र नुसत्या पातळीपेक्षा पाणी तासाला किती चढते आहे आणि वर धरणक्षेत्रात पाऊस थांबला आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. आपल्या शिवारात उघडीप असली तरी गगनबावडा आणि राधानगरीकडे पाऊस कोसळत असेल, तर नदी फुगतच राहते. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. कोणाच्या आदेशाची वाट ते पाहत नाहीत. शेतकरी नदीवरच्या पाणी उपसण्याच्या मोटारी काढायला धावू लागले, की घरातल्यांनीही आवराआवर सुरू करावी.

भिंतीवरच्या जुन्या पूररेषेवर विसंबून राहणे सर्वांत धोक्याचे आहे. २००५ मध्ये पाणी जिथवर आले, त्याच्या वर ते येणार नाही, या समजुतीने २०१९ मध्ये अनेक कुटुंबे घरातच थांबली आणि अडकली. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते.

निघायला उशीर होतो तो बहुधा जनावरांमुळे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण दुभती म्हैस सोडून कोणाचाच पाय निघत नाही. म्हणून इशारा पातळी जवळ येताच, माणसांच्याही आधी, जनावरे आणि त्यांची वैरण उंचावरील नातेवाइकांकडे किंवा छावणीत हलवावी. ते जमलेच नाही, तर निदान त्यांची दावी सोडून द्यावीत. सातबारा, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि नेहमीची औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सोबत न्यावीत. गॅसचा रेग्युलेटर काढावा आणि पाय कोरडे असतानाच विजेचा मेन स्विच बंद करावा. बोर्डाशी पाणी पोहोचले असेल, तर त्याला हात न लावता महावितरणला कळवावे.

पुलावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असताना दुचाकी घालण्याचे धाडस करू नये, कारण खाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. अडकल्यास ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे. बोट आल्यावर तिच्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त चढू देऊ नये. २०१९ मध्ये ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला. पुढच्या फेरीसाठी थांबणे कठीण वाटते, तरीही थांबावे.

पाणी ओसरल्यावर झाडलोट करण्याची घाई होते. ती थोडी आवरावी. आधी भिंतीवरची पाण्याची रेषा, भिजलेले धान्य, पडझड आणि मेलेली जनावरे यांचे फोटो काढून ठेवावेत, कारण पंचनामा होईपर्यंत नुकसानीचा पुरावा चिखलाबरोबर निघून जातो. कोनाड्यांत आणि अडगळीत साप दडलेले असू शकतात, म्हणून आधी काठीने चाचपावे. चिखल काढताना गमबूट घालावेत. पायावर जखम असल्यास त्या कामापासून दूर राहावे, आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची शक्यता असल्याने पुराच्या पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. विहिरीत किंवा बोअरमध्ये पुराचे पाणी शिरले असेल, तर उपसा आणि शुद्धीकरण करून तपासणी होईपर्यंत ते पिऊ नये. टँकरचे पाणीसुद्धा उकळूनच वापरावे.