बॅटरीच्या उजेडातलं पोस्टर

भाचीच्या कॉलेजची शॉर्टफिल्म तयार झाली आणि पोस्टरसाठी ती माझ्याकडे आली. जळगावात नऊ वर्षं फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन केलंय, त्यामुळे घरात असलं काही निघालं की ‘मामाला सांग’ हे ठरलेलंच. पोरांनी एक नमुना करूनच आणला होता. भर दुपारचं ऊन, केळीचा पिवळाधमक घड, वर चार कलाकारांचे कापून चिकटवलेले चेहरे. मी म्हटलं, “यावर फक्त ‘शुभेच्छुक’ टाकायचं राहिलंय.”

फिल्मचं अहिराणी नाव ‘रातनं पानी’. शेतीची वीज रात्री येते, म्हणून यावलकडच्या केळीच्या बागेत बाप आणि पोरगा मोटर सुरू करायला जातात, एवढीच गोष्ट. अकरा मिनिटांत दिवस एकदाही उगवत नाही. मग पोस्टरवर ऊन कुठून आलं? ते पाहून येणारा माणूस विनोदी काहीतरी बघायला येईल आणि अंधारात जांभया देईल.

तर पहिलं काम: फिल्म आवाज बंद करून बघा आणि वीसेक फ्रेम काढा. त्या कलर ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेड पक्के करायचं काम, झाल्यानंतरच्याच हव्यात, कॅमेऱ्यातल्या कच्च्या नकोत. सगळ्या एका पानावर लहान-लहान मांडा आणि डोळे किलकिले करून पाहा. आमच्याकडे तीनच रंग उरले. केळीच्या पानांचा काळपट हिरवा, ओल्या मातीचा तपकिरी आणि जुन्या बल्बच्या बॅटरीचा पिवळा. पिवळा प्रत्येक फ्रेममध्ये होता, पण बोटभरच. पोरं आयड्रॉपरनं, म्हणजे चित्रातला रंग टिपायच्या टूलनं, रंग बरोबर उचलतात, माप उचलायचं विसरतात. पोस्टरवरही पिवळा बोटभरच ठेवायचा, तरच ते फिल्मचं वाटतं.

दुसरी अडचण सगळ्यांनाच येते. ‘फिल्ममधलीच फ्रेम लावून टाकू.’ फ्रेम 1920 बाय 1080 पिक्सेलची आणि आडवी. ए-थ्री पोस्टर उभं, आणि 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) त्याला 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात. आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला तर रुंदीला जेमतेम 760 पिक्सेल हाती येतात. छापल्यावर पोराच्या तोंडावर मुंग्या बसल्यासारखं दिसतं. म्हणून शूटिंगच्या दिवशीच, त्याच प्रकाशात, कॅमेरा उभा धरून वेगळे फोटो काढून ठेवा. वर नावासाठी मोकळी जागा सोडून.

आमच्या मंडळींनी अर्थातच काढले नव्हते. तेव्हा मला चाळीसगावचे केकी मूस आठवले. घराबाहेर फारसं न पडता, टेबलावर रोजच्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं फोटोत उभी केली. स्टेशनजवळचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे, पोरांनी एकदा जाऊन यावंच. आम्हीही तेच केलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर परातीत ओली माती, मागे केळीची दोन फाटकी पानं, आडवी ठेवलेली तीच बॅटरी, बाकी लाइट बंद. ताईनं परातीवरून जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

नावाची अक्षरं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. फुकट मिळणारे चांगले देवनागरी फॉन्ट आहेत, ‘मुक्त’ आहे, ‘बलू’ आहे. श्रेयनामावलीला ‘मुक्त’ उत्तम. पण बलूची गुबगुबीत अक्षरं या फिल्मला नकोत. फिल्ममध्ये बाप मोटरीच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर खडूनं तास लिहून ठेवतो. त्याच दारावर, त्याच कलाकाराकडून, खडूनं नाव लिहून घेतलं आणि फोटो काढला. कुठलाही फॉन्ट वापरा, पण ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते पाहा, आणि दोन ओळी इतक्या जवळ आणू नका की खालच्या वेलांट्या वरच्या उकारांना भिडतील.

छपाईला फाइल देताना अक्षरांचं आउटलाइन करूनच, म्हणजे त्यांचं चित्र करूनच, पीडीएफ द्या. नाहीतर दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. आणखी एक धोका असतो, सुधारणेचा. आमच्या खालच्या पट्टीवर फिल्मचं नाव टाइप केलेलं होतं. एका ऑपरेटरनं ‘चूक दिसली’ म्हणून त्याचं ‘रात्रीचं पाणी’ करून दिलं. अहिराणी शीर्षक असेल तर सोबत चिठ्ठी जोडा: ‘असंच छापायचं आहे.’

रात्रीचं चित्र छापताना स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. स्क्रीन मागून उजळते, कागद नाही. सावल्या थोड्या उजळ करा आणि आधी ए-फोरवर एक प्रत काढा. आमची पहिली प्रत म्हणजे काळा कागद आणि एक पिवळा ठिपका. कडांना चित्र 3 मिलिमीटर जादा सोडा, कापताना कामी येतं.

मोबाइलसाठी तेच पोस्टर आकसवू नका, तुकडे नव्यानं मांडा. इन्स्टाग्रामची स्टोरी 1080 बाय 1920 पिक्सेल, यूट्यूबचं थंबनेल 1280 बाय 720. थंबनेलवर फक्त बॅटरी आणि नाव. श्रेयनामावली तिथं वाचणार कोण? आणि व्हॉट्सॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हे भाचीला चारदा सांगितलं. पाचव्यांदा तिनं फोटो म्हणूनच पाठवलं.