केळी घ्यावीत ती खायचा वार ठरवून

माझं माहेर रावेर तालुक्यातलं, त्यामुळे केळ्याच्या बाबतीत मी जरा जास्तच चिकित्सक आहे. पुण्यात बहुतेक लोक हातगाडीवरून एका रंगाची, पिवळीधमक डझनभर केळी उचलतात. ती सगळी एकदमच पिकतात आणि शेवटची चार कोणी खायला मागत नाही. चार माणसांच्या घरात माझी पद्धत अशी: 'दादा, सहा आजची द्या आणि सहा परवाची.' थोडी कुरकुर होते, पण गाडीवाल्याला नेमकं कळतं. परवाची म्हणजे देठाशी हिरवी, मध्ये पिवळसर झालेली.

रंगाच्या आधी अंग बघा. केळ्याच्या कडा बोथट आणि अंग गोलसर असेल तर ते झाडावर चांगलं भरलंय. कडा टोकदार असतील तर घड लवकर उतरवलाय. लांबच्या बाजारासाठी तसा उतरवावाच लागतो. असं केळं पिकतं, पण गोडीला कमीच. बाजारात दिसतं ते बहुतेक ग्रँड नैन जातीचं, त्याला हे लागू. वेलची या छोट्या केळ्याचं गणित वेगळं. ती अर्धवट पिवळी असताना तुरट लागते, साल पातळ झाल्यावर आणि ठिपके आल्यावरच खावी. तेव्हा ती फणीतून सुटून पडायला लागते, म्हणून घरी आणल्यावर लटकवू नये, पसरून ठेवावी.

आता फळं पिकवायला वापरतात त्या कार्बाइडचं. 'देठ हिरवा आणि केळं पिवळं म्हणजे कार्बाइड' असं सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत इथिलीन वायू देऊन, साधारण १६ ते १८ अंशांना पिकवलेली केळीसुद्धा अशीच दिसतात, आणि इथिलीनला परवानगी आहे. केळं पिकताना स्वतःही तोच वायू सोडतं. कॅल्शियम कार्बाइडवर मात्र बंदी आहे. त्यातून अॅसिटिलीन निघतो आणि त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. नुसत्या रंगावरून घरी याचा निकाल लागत नाही. शंका असेल तर पूर्ण भरलेली कच्ची फणी आणा आणि घरी पिकत घाला.

त्यासाठी कागदी पिशवी किंवा खोका पुरे. सोबत एक पिकलेलं सफरचंद किंवा चिकू ठेवा (त्यातूनही इथिलीन सुटतो), तोंड सैल बंद करा, रोज एकदा उघडून बघा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि देठाला बुरशी येते. फणीला आधीच वायू लागलेला असेल तर दोन-तीन दिवसांत रंग चढतो. नसेल तर आठवडाही लागतो, तेवढा धीर हवा. गावाकडे पूर्वी बंद खोलीत धुरी द्यायचे. त्या धुरातही इथिलीन असतो, पण फ्लॅटमध्ये हा उद्योग नको.

मे महिन्यात एक गंमत होते. उकाड्यात साल हिरवट राहते आणि आतून केळं पिकून मऊ झालेलं असतं. रंगाची वाट बघत बसाल तर फसाल. अंगठ्याने हलकं दाबून बघा. थंडीत उलटं. पारा १३ अंशांच्या खाली गेला की सालीला इजा होते, ती काळवंडते आणि कच्चं केळं नीट पिकतच नाही. म्हणून कच्ची केळी फ्रीजमध्ये कधीच नाहीत, आणि डिसेंबरच्या रात्री गॅलरीतही नाहीत. पूर्ण पिकलेली मात्र कागदात गुंडाळून खुशाल फ्रीजमध्ये ठेवा. साल काळी पडेल, गर तीन-चार दिवस चांगला राहतो. पाहुण्यांसमोर ठेवू नका एवढंच.

देठाला प्लास्टिक गुंडाळण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. मला त्यात फारसा फरक दिसला नाही. त्यापेक्षा ग्रँड नैनची फणी खिळ्याला टांगा, म्हणजे खालची केळी दबून काळी पडत नाहीत, आणि तिला टोमॅटो-आंब्याच्या टोपलीपासून लांब ठेवा.

ठिपके आले म्हणजे केळं सडलं नाही, पिठूळपणा जाऊन साखर झाली. शिकरणाला आणि सत्यनारायणाच्या शिऱ्याला तेच घ्यावं. त्याहून मऊ झालेली कुस्करून, गूळ आणि वेलदोडा घालून कणकेत मळा, पुऱ्या छान होतात. दारूसारखा आंबूस वास आला किंवा देठाशी पांढरी बुरशी धरली, तर मात्र टाकून द्या.